एकाच जागेवरच्या दोन शाळा



मोहल्ल्यातल्या शाळेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ती शाळा आता कामातून गेली." आज मी लंडनमधल्या अशाच एका शाळेबद्दल बोलणार आहे. मी शिक्षक नाही, इतिहासकारही नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण बिघाड झाला की तो नेमका कुठे झाला हे शोधणं, हे माझं रोजचं काम आहे.

पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात १८७६ साली ग्रोसर्स कंपनीने मुलांची एक शाळा काढली. ही कंपनी म्हणजे मुळात मिरी-मसाल्याच्या व्यापाऱ्यांचा जुना संघ. त्यांच्या मानचिन्हावर लवंगा आहेत, म्हणून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेचं नाव 'क्लोव्ह क्लब', म्हणजे लवंग क्लब. आपल्या मुंबईतली अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था त्याच दशकातली, १८७४ ची.

१९०६ मध्ये ही शाळा लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली आणि पुढे हॅकनी डाउन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. पूर्व युरोपातले अत्याचार सोडून आलेली ज्यू कुटुंबं या भागात स्थिरावली होती. शिंपी, कारागीर, छोटे दुकानदार अशी माणसं. त्यांची मुलं मोठ्या संख्येने या शाळेत आली. दुसऱ्या महायुद्धानंतरही जवळच्या रिडली रोड बाजारात फॅसिस्टांच्या सभा भरत आणि ज्यूंविरुद्ध भाषणं होत. त्याच वर्षांत एका ज्यू शिंप्याचा मुलगा या शाळेत जोसेफ ब्रिअर्ली नावाच्या शिक्षकांकडे इंग्रजी शिकत होता आणि शाळेच्या नाटकात मॅकबेथ करत होता. त्याचं नाव हॅरॉल्ड पिंटर. २००५ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

मग बिघडलं कुठे? १९६३ मध्ये आगीत इमारतीचं मोठं नुकसान झालं. १९६९ मध्ये निवड परीक्षा बंद होऊन शाळा सर्वांसाठी खुली झाली. हा निर्णय चांगलाच होता. पण पुढच्या काळात ज्यू कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली आणि त्यांच्या जागी कॅरिबियन, तुर्की, दक्षिण आशियाई कुटुंबं आली. ज्यांना जमलं त्यांनी मुलं दुसऱ्या शाळांत घातली. वर्गात जागा रिकाम्या राहिल्या, की दुसऱ्या शाळांनी काढून टाकलेली मुलंही तिथेच पाठवली जातात. १९९० मध्ये लंडनचं सामाईक शिक्षण प्राधिकरण बरखास्त झालं आणि शाळा हॅकनी कौन्सिलच्या हाती आली. मुख्याध्यापक बदलत राहिले. कौन्सिलने आधी शाळा बंद करायची ठरवली, मग १९९५ मध्ये तो निर्णय फिरवला. बंद होणार म्हटल्यावर कुठले आईबाप तिथे नवं मूल घालतील? वर्तमानपत्रांनी तिला देशातली सर्वात वाईट शाळा ठरवलं. शेवटी सरकारने नेमलेल्या मंडळाच्या शिफारशीवरून डिसेंबर १९९५ मध्ये शाळा बंद झाली. पालक कोर्टात गेले आणि हरले.

२००४ साली त्याच जागेवर मॉसबॉर्न ही नवी शाळा उघडली. मुख्याध्यापक मायकेल विल्शॉ यांनी कडक शिस्त लावली आणि गरिबीमुळे मुलाकडून कमी अपेक्षा ठेवायला नकार दिला. काही वर्षांत शाळेचे निकाल देशभर गाजले. लगेच निष्कर्ष निघाला: वस्ती तीच, मुलं तशीच, म्हणजे जुन्या शिक्षकांचाच दोष.

इथे माझ्यातला इंजिनिअर हात वर करतो. दोन सिस्टिमची तुलना करायची तर इनपुट सारखं हवं. मॉसबॉर्न फक्त अकरा वर्षांच्या मुलांच्या एका वर्गाने सुरू झाली आणि दरवर्षी एकेक वर्ग वाढत गेला. प्रवेशासाठी चाचणी घेऊन प्रत्येक क्षमता-गटातून ठरावीक मुलं घेतली गेली. इमारत नवी होती आणि मुख्याध्यापक सुरुवातीची अनेक वर्षं एकच. जुन्या शाळेला यातलं काहीच मिळालं नव्हतं. विल्शॉ यांचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही. पण शिक्षक बदलले की झालं, हा हिशेब चुकीचा ठरतो.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. "आपली मुलंच तशी" ही सबब खोटी आहे. आणि "शाळाच तशी" म्हणून आपण पाठ फिरवतो, तेव्हा त्या शाळेच्या घसरणीला आपलाही हातभार लागतो. हॅकनीचे पालक कोर्टात गेले तोवर निर्णय झालेला होता.

आपल्याला इतका उशीर करायची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळा उर्दू असो की मराठी, आपल्या गल्लीतल्या शाळेत ही समिती कागदावर आहे की खरंच बसते, एवढं या महिन्यात जाऊन विचारा. मुलं अजून वर्गात आहेत, तेव्हाच विचारा.