काढा कुणासाठी आणि डॉक्टर कुणासाठी?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'घरची बाग, घरचं औषध आणि स्वावलंबन'. यातली बाग सोपी आहे, डबा आणि माती असली की सुरू होते. औषधाचं तसं नाही. मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. घरचं औषध संपल्यावर माणसं जिथे येतात, त्या दारात मी उभी होते. म्हणून आधी बागेबद्दल बोलते आणि मग जे सांगायला मी खरी आले आहे, त्याकडे वळते.

आमचं घर मिरजेत आहे. वर दहा बाय बाराची गच्ची, तीसुद्धा पाण्याच्या टाकीने अडवलेली. तिथे रंगाचे रिकामे डबे, मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके आणि सिमेंटची पोती अशी माझी शेती चालते. विकतची कुंडी एकही नाही. डब्याच्या बुडाला चार भोकं पाडायची, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या आणि वाळकी पानं. मग उसाचं चिपाड. रसवंतीवाला ते फुकट देतो, उलट त्याचीच कटकट जाते. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात माती आणि कुजलेलं खत. सगळा डबा मातीने भरला तर तो उचलताना कंबर जाते आणि गच्चीवरही भार येतो. औषध फवारणीचे किंवा रसायनाचे डबे मात्र कितीही धुतले तरी वापरायचे नाहीत.

हे मी शोधून काढलेलं नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मुळात गणिताचे अध्यापक होते. त्यांनी तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना एकत्र आणून 'प्रयोग परिवार' उभा केला. साधा शेतकरीसुद्धा आपल्या शेतात प्रयोग करू शकतो, मोजू शकतो, टिपून ठेवू शकतो आणि दुसऱ्याला सांगू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शहरातल्या गच्चीवरही ऊन पडतं आणि त्या उन्हाचं पीक काढता येतं, हे त्यांनी लोकांना पटवलं. त्यांच्याकडून मी एक सवय घेतली, ती म्हणजे वही. कुठल्या डब्यात काय पेरलं, किती दिवसांनी निघालं, किती जुड्या झाल्या, हे मी लिहून ठेवते. दवाखान्यातही तेच करत होते, फक्त तिथे जुड्यांच्या जागी ताप असायचा.

त्या वहीच्या आधारावर सांगते, गच्चीवर घर चालत नाही. गहू, ज्वारी, डाळ, तेल काहीही होत नाही. कुणी व्हिडिओत 'बाजारात जाणंच बंद करा' म्हणत असेल तर त्याला त्याच्या घरचं रेशन कुठून येतं ते विचारा. होतं काय, तर मेथी पंचवीस-तीस दिवसांत, कोथिंबीर सव्वा महिन्यात. पुदिना एकदा लावला की तो घालवणं अवघड. मिरची, माठ, अंबाडी, आळू, गवती चहा, पानओवा. चार जणांच्या आमच्या घरात पालेभाजी आठवड्यातून तीन दिवस घरची असते आणि कोथिंबीर मी क्वचितच विकत घेते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-मिरजेच्या बाजारात भाजी दिसत नव्हती, तेव्हा आमच्या गल्लीने या डब्यांतला माठ वाटून खाल्ला. तो किती दिवस पुरला? दोन. पण ते दोन दिवस बायका एकमेकींच्या गच्च्या पाहायला वर आल्या आणि पुढच्या महिन्यात सहा घरांवर डबे चढले.

पाण्याचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आपल्याकडे एक पाणी आहे जे साबणाशिवाय वाहून जातं, ते वजूचं. मी एकदा नळाखाली घमेलं ठेवून मोजलं, नळ सोडून एक वजू केला तर पाच लिटर पाणी गेलं. रसूलुल्लाह एका मुद्द पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये येतं. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. आता घरात आम्ही तांब्याने वजू करतो, खाली घमेलं असतं आणि ते पाणी डब्यांना जातं. मशिदीच्या वजूखान्यातलं पाणी गटारात न सोडता बाहेरच्या झाडांकडे वळवायला एक नळी आणि एक प्लंबर लागतो. त्यासाठी फतव्याची वाट पाहायची गरज नाही. हे घरच्या पुरुषांना सांगा.

आणखी दोन गोष्टी, मग बागेचा विषय संपला. डब्याखाली ठेवलेल्या ताटलीत पाणी साचलं तर डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ताटल्या ओतून, घासून कोरड्या करा. आणि खताच्या डब्यात हाडं, मटणाचं धुवण, तेलकट उष्टं टाकू नका, उंदीर येतात. मावा पडला तर साबणाचं पातळ पाणी पुरतं.

आता औषधाकडे येते. वनस्पतींच्या औषधांना हसणारी मी नाही. गच्चीवर माझाही अडुळसा आहे. अडुळशातल्या वासिसीन नावाच्या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. आज डॉक्टर लिहून देतात त्या खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते असतं. पण हाच अडुळसा गर्भाशयावरही परिणाम करतो, म्हणून गरोदर बाईला द्यायचा नाही. झाडाला आपण गरोदर बाईच्या अंगात चाललो आहोत हे कळत नसतं. ते आपल्याला कळायला हवं.

आपल्या परंपरेचं नाव घेऊन बरंच काही विकलं जातं, म्हणून परंपरेचंही थोडं ऐका. इब्न सिना, १०३७ साली वारले. त्यांच्या 'अल-कानून'मध्ये औषधं कशी आहेत याच्या याद्या आहेतच, पण औषध पारखायचं कसं याचे नियमही आहेत. औषध भेसळीशिवाय शुद्ध असावं. एका वेळी एकच आजार असलेल्या माणसावर ते पाहावं. गुण किती वेळाने येतो ते बघावं. तोच गुण पुन्हा पुन्हा येतो का, हे तपासावं, एकदा आला तर तो योगायोग असू शकतो. आणि ते माणसावर पाहावं, कारण जनावरावर दिसलेला गुण माणसात येईलच असं नाही. हजार वर्षांपूर्वी! आणि आपण आज 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असं लिहिलेला निरोप वाचून सासूबाईंना चूर्ण देतो.

दुसरी गोष्ट सर्पगंधेची. दिल्लीचे हकीम अजमल खान, १८६८ ते १९२७. युनानीचे एवढे मोठे हकीम, पण त्यांना वाटायचं की या औषधांवर आधुनिक पद्धतीने संशोधन व्हावं. त्यांनी त्यासाठी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला पुढे आणलं. सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीमसाहेबांच्या आठवणीत त्याचं नाव अजमलीन ठेवलं. ते हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात वापरलं गेलं. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, नोंदी ठेवून १९४९ मध्ये आपला लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. एक हकीम, एक रसायनशास्त्रज्ञ, एक पारशी डॉक्टर. परंपरेचा मान या तिघांनी ठेवला असं मी मानते, कारण त्यांनी ती तपासली.

आता कलौंजी. मला माहीत आहे, इथे बऱ्याच जणींच्या घरी बरणी आहे. मौत सोडून प्रत्येक दुखण्यावर यात शिफा आहे, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकली. श्रद्धेच्या गोष्टीत मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की, छोट्या अभ्यासांत कलौंजीने रक्तातली साखर थोडी खाली आल्याचं दिसलं आहे, पण गोळी बंद करून फक्त कलौंजीवर राहा असं त्यातून निघत नाही. हदीसचा आधार देणारे दुकानदार पावती देत नाहीत, हेही लक्षात घ्या.

गुळवेलीचं उदाहरण तर ताजं आहे. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली लोकांनी ती रोज उकळून प्यायली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले, सहाही जण गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल असं म्हटलं. समजा तसं असलं, तरी गल्लीतल्या बाईने दोन वेलींतला फरक ओळखायचा कसा?

आमच्या मिरजेत सतारी बनतात. सतारीचा तुंबा कडू भोपळ्याचा असतो. कारागिराच्या हातात त्याचं सोनं होतं. पण दुधी कडू निघाला आणि तरी 'कडू ते औषधी' म्हणून त्याचा रस प्याला, तर उलट्या, रक्तस्राव, प्रसंगी मृत्यूसुद्धा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीला यावर सांगावं लागलं की कडू लागला तर रस फेकून द्या. घरी लावलेल्या दुधीचाही आधी तुकडा चाखा.

एवढं सगळं ठीक. पण मला खरं बोलायचं आहे ते दवाखान्याच्या दारात बत्तीस वर्षं जे पाहिलं त्याबद्दल. काढा पितं कोण? घरच्या कर्त्या पुरुषाच्या छातीत दुखलं की रात्री अकराला रिक्षा येते, दागिने गहाण पडतात, आणि ते योग्यच आहे. त्याच घरातल्या सुनेला तीन महिने अंगावरून जास्त जात असतं, तेव्हा मेथीचे लाडू होतात. 'बायकांचं असतंच असं.' माझ्या शेजारच्या एका खालाला मधुमेह होता. पायाला काटा लागला, कडुनिंबाचा पाला वाटून बांधला. एकवीस दिवस! वास यायला लागला तेव्हा मला बोलावलं. तिची दोन बोटं काढावी लागली. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याच्या गुडघ्याच्या तीन तपासण्या झाल्या होत्या. मी तिला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "बाजी, इत्तीसी बात के वास्ते किस्कू पैशे मांगूं?"

म्हणून स्वावलंबन हा शब्द मला थोडा जपून वापरावासा वाटतो. बाईने स्वतःच्या दुखण्याचा खर्च स्वतःच वाचवायचा, याला आपण स्वावलंबन म्हणत असू तर ते मला नको. पालेभाजी पिकवून महिन्याला जे तीन-चारशे रुपये वाचतात ना, ते आटा-तेलात मिसळू देऊ नका. वेगळ्या डब्यात ठेवा, तुमच्या तपासणीचे आणि रिक्षाचे म्हणून. माझ्या गल्लीत पाच जणींनी ते केलं आहे आणि एकीच्या नवऱ्याने भांडणही काढलं. तो वाद अजून मिटलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, ५४.२ टक्के. माझा माठ आणि शेवगा यासाठी उपयोगी आहे, पण पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच घेतं. लिंबू पिळलं तर जास्त घेतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. हिमोग्लोबिन सात-आठ असेल तर भाजीवर भागत नाही, गोळ्याच लागतात. गरोदरपणात सरकार १८० दिवस गोळ्या देतं, मोफत. संडास काळी होते म्हणून त्या कचऱ्यात जातात. काळी होते ती लोहामुळे, घाबरू नका.

घरचं औषध कुठवर? सर्दी, घसा, साधा खोकला, अपचन. गवती चहा, आलं, पुदिना, मिठाच्या गुळण्या, खुशाल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. डोळे पिवळे झाले, दम लागला, ताप दोन दिवसांत उतरला नाही, रक्त गेलं, मधुमेहाच्या माणसाच्या पायाला जखम झाली किंवा बाई गरोदर आहे, तर गच्चीवर जायचं नाही, दवाखान्यात जायचं. आणि चालू गोळी कुठल्याही पानासाठी बंद करायची नाही. पान घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ते रागावतील, रागावू द्या.

चहानंतर मागच्या खोलीत हिमोग्लोबिन तपासणी ठेवली आहे, एका थेंबाची. मेथी आणि माठाच्या बियांच्या पुड्या तिथल्याच टेबलावर आहेत. आधी सुना आणि मुली जातील, सासूबाई आणि आम्ही म्हाताऱ्या नंतर. मी तिथेच बसते, प्रश्न तिथे विचारा.