बालकांच्या मुखातील जन्मजात गाठी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या विषयावर आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत, तो आपल्या घरांतून दबक्या आवाजातच बोलला जातो. काही वर्षांपूर्वी आमच्या निकटच्या एका कुटुंबात कन्यारत्न जन्मास आले. तिच्या वरच्या हिरडीवर बोराएवढी गुलाबी गाठ होती. तिला अंगावर पिता येईना. वडीलधाऱ्यांनी ग्रहणात विळी हाती धरल्याचा ठपका बाळंतिणीवर ठेवला, आणि पुढे सोयरीक जुळण्यास अडचण होईल म्हणून बारा दिवस मूल कोणास दाखविले नाही. आम्ही जाणत असूनही मौन धरले, याची खंत आजही वाटते.

ती गाठ म्हणजे नवजात बालकाचा ‘एप्युलिस’ होय. नॉयमान यांनी १८७१ साली तिचे वर्णन केले. ती विरळा असून मुलींत अधिक आढळते. जन्मानंतर ती सहसा वाढत नाही, कधी आपोआप आकसते, आणि काढल्यावर पुन्हा उद्भवत नाही. त्या बालिकेची शस्त्रक्रिया झाली व ती सुखाने दूध पिऊ लागली. ग्रहणाचा वा विळीचा यात काडीमात्र संबंध नाही.

गर्भाचा चेहरा मुख्यतः चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडतो. या घडणीत कोठे जागच्याच पेशी अवास्तव वाढतात, त्यास ‘हॅमार्टोमा’ म्हणतात. कोठे त्या परक्या जागी रुजतात, त्यास ‘कोरिस्टोमा’. अल्ब्रेख्ट यांनी १९०४ साली योजिलेल्या पहिल्या शब्दाच्या मुळाशी ‘चूक’ असा ग्रीक अर्थ आहे. परंतु ती चूक पेशींची, मातेची नव्हे.

मात्र उतावीळपणाही नको. जिभेच्या मुळाशी दिसणारी गाठ कधी वाट चुकलेली थायरॉइड ग्रंथी असते, आणि पुष्कळदा शरीरात तेवढी एकच. ती न तपासता काढल्यास मूल जन्मभर औषधावर राहते. नाकाच्या मध्यरेषेवरील गाठीचे मूळ क्वचित कवटीच्या आत पोचलेले असते. म्हणून आधी तपासणी, मग शस्त्र. डाग देणे, दोऱ्याने आवळणे, सुईने फोडणे तर सर्वथा वर्ज्य.

२०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’त नवजात बालकांच्या जन्मजात व्यंगांची तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. ज्या घरी असा प्रसंग येईल, तेथे आपल्या भगिनींनी प्रथम त्या बाळंतिणीजवळ जाऊन बसावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.