एक दात जास्त



शाळेने आपल्याला काय दिलं, यावर सगळे छान बोललात. मी मात्र एका दाताबद्दल बोलणार आहे.

सहावी-सातवीत मला 'खिळा' म्हणायचे, आठवतंय ना? वरच्या दोन पटाशीच्या दातांच्या मधोमध माझा एक बारीक, टोकदार दात होता. आजी म्हणायची, जास्तीचा दात म्हणजे भाग्य. वर्गात त्या भाग्याचा काही उपयोग नव्हता. मी तोंडावर हात ठेवून हसायला लागले. उत्तर येत असलं तरी गप्प बसायचे. सातवीच्या ग्रुप फोटोत ओठ घट्ट मिटून उभी आहे, ती मी.

कॉलेजात असताना तो दात काढला. विषय संपला, असं वाटलं. पण माझा मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याचा वरचा एक पुढचा दात आला आणि जोडीचा वर्षभर आलाच नाही. एक्स-रे काढला, तर हाडात एक जास्तीचा दात, तोही उलटा, वाट अडवून बसलेला! डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होता का?" मी म्हटलं, "मला." आणि लक्षात आलं, माझा हात तोंडावर होता.

त्या दिवशी मला त्याचं नाव कळलं: मेसिओडेन्स. दुधाचे दात 20, कायमचे 32. त्याहून जास्त आले तर ते अतिरिक्त दात. कायमच्या दातांमध्ये ते शंभरात साधारण एक ते तीन जणांना असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. बहुतेकांना एकच असतो, आणि सर्वांत जास्त आढळतो तो माझ्याच जागी. कित्येक तर हिरडीबाहेर येतच नाहीत, एक्स-रेमध्येच दिसतात. घराण्यातही चालत येतात. खूप दात जास्तीचे असतील, तर मात्र त्यामागे एखादा आनुवंशिक आजार आहे का, हे डॉक्टर तपासतात.

मी इंजिनिअर, लगेच हिशेब केला. साठ जणांच्या आपल्या तुकडीत एखाद्याला असा दात असणं अगदी शक्य होतं. तो मला होता, एवढंच. हे सातवीत कुणी सांगितलं असतं तर!

राग नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून आज सांगते. मुलाचा पुढचा एक दात येऊन सहा महिने झाले तरी जोडीचा आला नाही, मधे फट राहिली किंवा दात वाकडा फिरला, तर दंतवैद्याकडे न्या. माझ्या मुलाचा जास्तीचा दात काढला आणि अडलेला दात हळूहळू खाली आला. आणि बाई, सर, वर्गात कुणी तोंडावर हात ठेवून हसत असेल, तर त्याच्याशी जरा बोला.

आता ग्रुप फोटो आहे. या वेळी माझे हात खाली असतील.