मेघातले दप्तर



'क्लाउड' म्हटले की माणूस वर पाहतो. वर काही नाही. हा मेघ नवी मुंबईत, पुण्यात, चेन्नईत जमिनीवरच्या मोठमोठ्या इमारतींत आहे. आत हजारो संगणक रात्रंदिवस चालतात. ते तापतात म्हणून त्यांना सतत थंड ठेवावे लागते, आणि दारावरचा पहारेकरी बहुधा कंत्राटीच असतो! मायक्रोसॉफ्टने २०१५ साली व अमेझॉनने २०१६ साली आपली अशी केंद्रे या देशात उघडली. तिथली जागा आणि शक्ती भाड्याने मिळते. वापराल तेवढे भाडे. जुन्या गिरणीला आपले इंजिन आवारातच ठेवावे लागे, पुढे वीज तारेवरून बाहेरून आली. तसाच हा प्रकार.

सोय मोठी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. जळगावचा डाळमिलवाला मुंबईत बसून आपला माल आणि उधारी पाहतो. लहान दुकानदाराला महागडे यंत्र न घेता मोठ्या पेढीचे साधन मिळते. पूर्वी गोदामाला आग लागली की वह्याही जात. आता संगणक जळाला तरी हिशेब राहतो. यंत्राला शिव्या देणारा कामगारपुढारी तुम्हांला हवा असेल, तर तो आम्ही नव्हे.

परंतु वही दुसऱ्याच्या घरी ठेवली की किल्लीही तिथेच राहते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्यामुळे तिचा देशाच्या पैसे-देवघेवीच्या जाळ्याशी संबंध तोडावा लागला, आणि तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. त्यांत सहकारी व ग्रामीण बँका होत्या. खातेदारांचा त्यात काय अपराध? पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने शेजारच्या गुजरातेतील नायरा तेलशुद्धी कंपनीची सेवा बंद केली. भाडे भरलेले असूनही स्वतःची टपाले तिला उघडता येईनात! कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांत सेवा सुरू झाली.

मोठ्यांना वकील मिळतो. आम्हांला काळजी मस्टरची आहे.

२४० दिवस काम झाले म्हणजे वर्षाची अखंड नोकरी धरली जाते, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक असेल. ते दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यावयाचा, नुसते त्याचे प्रतिज्ञापत्र पुरे नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल आहे. म्हणजे हजेरी हीच कामगाराची इस्टेट. जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात ही हजेरी चेहरा दाखवून फोनवर घेत. मालकाने हजेरीची सेवा देणारी कंपनी बदलली, जुने खाते बंद झाले, आणि चौदा महिन्यांची हजेरी त्याबरोबर गेली. कामावरून कमी केलेली एक बाई आमच्याकडे आली. "भाऊ, मनी हाजरी कोठे गयी?" मालक खोटे बोलत नव्हता, त्यालाही ती दिसत नव्हती. बाईने मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामाच्या दिवशी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. ते कॅलेंडर आणि बँकेचे पासबुक घेऊन आम्ही भांडलो. तडजोड झाली, पण दिवस निम्मेच धरले गेले.

दप्तराचे मोल धुळ्याच्या लोकांना सांगावयास नको. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत, आणि १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. कागदाला वाळवी लागते हे खरे. पण भाडे थकले म्हणून कागद नाहीसा होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत नोंदी संगणकावर ठेवण्याची मुभा आहे, आणि पगाराची चिठ्ठी देण्याचे बंधनही आहे. आमचे मागणे एवढेच, की त्या चिठ्ठीसोबत महिन्याची तारीखवार हजेरी कामगाराच्या हाती पडावी, कागदावर म्हणा की फोनवर. आणि सेवा देणारी कंपनी बदलण्यापूर्वी मालकाने सगळी नोंद उतरवून घेऊन तिची एक प्रत संघटनेला द्यावी. दोन कारखानदार याला कबूल झाले आहेत. तिसऱ्याने कागदाच्या खर्चाची सबब पुढे केली. त्याच्याशी आमची बैठक येत्या गुरुवारी आहे.