इंग्रजी शब्दयोगी अव्यये आणि मातृभाषेचे वळण



वर्ध्याचे नाव शिक्षणाच्या इतिहासात मातृभाषेच्या आग्रहाशी कायमचे जोडले गेले आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा ठराव केला. त्या योजनेत इंग्रजीला स्थान नव्हते. पुढे सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. खेड्यातील बालक हे नवे वाक्य मातृभाषेच्याच आधाराने उभारू पाहते. आणि त्याचा पाय प्रथम अडखळतो तो लहानशा शब्दयोगी अव्ययापाशी.

याचे कारण उघड आहे. मराठीत नामाचा संबंध मागून लागणारा प्रत्यय किंवा अव्यय दाखविते. इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी येतो. शिवाय, एका मराठी प्रत्ययाचे काम इंग्रजीत अनेक शब्द वाटून घेतात. मुलगा ‘पेनने’ लिहितो, तेथे ‘विथ अ पेन’. ‘आगगाडीने’ जातो, तेथे ‘बाय ट्रेन’. तो ‘सोमवारपासून’ आजारी असेल तर ‘सिन्स मंडे’, ‘तीन दिवसांपासून’ असेल तर ‘फॉर थ्री डेज’. गुरुजी आपल्यावर रागावले, हे सांगताना तो ‘अँग्री ऑन मी’ म्हणतो. इंग्रजीची रूढी मात्र ‘अँग्री विथ मी’ अशी आहे.

ही चूक आळसाची नव्हे, मंदबुद्धीचीही नव्हे. ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, हे जे शिकविले गेले तेच त्याने प्रामाणिकपणे लागू केलेले असते. अशा वेळी तांबड्या शाईची रेघ आणि वर्गातील हशा यांनी अव्यय सुधारत नाही. मूल बोलणेच सोडून देते. ही हानी एका अव्ययाहून फार मोठी आहे.

म्हणून सुटा अर्थ पाठ करवून न घेता संपूर्ण पदसमूह द्यावा. वर्ध्याच्या परिषदेची तारीखच फळ्यावर लिहिली तरी पुरे. ‘१९३७ साली’ व ‘ऑक्टोबर महिन्यात’ यांना ‘इन’. ‘२२ ऑक्टोबरला’ म्हणताना ‘ऑन’. शाळा ‘दहा वाजता’ भरते, तेथे ‘ॲट’. काळाचा विस्तार, एक दिवस आणि नेमकी वेळ असा हा क्रम मुलाच्या सहज ध्यानात येतो. ‘इन द मॉर्निंग’ पण ‘ॲट नाइट’ असे अपवाद नियमाने नव्हे, कानाच्या सवयीनेच अंगवळणी पडतात.

स्थलवाचक अव्ययांसाठी नयी तालीमचा मार्ग आजही उपयोगी आहे. हाताच्या कामातून ज्ञान व्हावे, हे तिचे सूत्र. मुलाने खडू पेटीत, टेबलावर, बाकाखाली स्वतः ठेवावा आणि ठेवताना ‘इन द बॉक्स’, ‘ऑन द टेबल’, ‘अंडर द बेंच’ असे म्हणावे. हात व जीभ एकत्र चालली की भाषांतराची गरज उरत नाही.

‘घरी जातो’ आणि ‘घरात जातो’ यांतील भेद मराठी मुलाला कोणी व्याकरण सांगून शिकविलेला नसतो. पुष्कळ ऐकून, पुष्कळ चुकून आणि कोणी न हसल्यामुळे तो त्याला आलेला असतो. इंग्रजीच्या तासालाही त्याला तेवढीच मोकळीक मिळावी.