पाण्याची वही

(हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीवर इतर वक्ते माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील. मी एका तलावाविषयी बोलणार आहे आणि त्या ओघात आपल्या एका चुकीविषयीही.

माझे आजोळ झाशीचे. लक्ष्मी गेटच्या आत, जुन्या तटाजवळच्या गल्लीत आजीचे घर होते. घरात मराठी, दारात बुंदेली. वेशीबाहेर पडले की लक्ष्मी ताल, त्याच्या काठी महालक्ष्मीचे मंदिर आणि जवळच गंगाधररावांची छत्री. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले. त्यांची ही छत्री राणी लक्ष्मीबाईंनी उभारली. मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती किल्ल्यामुळे आणि विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे. मला ती कळली आजीचे बोट धरून तालावर जाताना. देवीचे दर्शन झाले की आजी पाण्यालाही हात जोडत असे.

मोठेपणी पुन्हा तेथे गेले तेव्हा पाणीच दिसेना. जिकडे पाहावे तिकडे जलपर्णी. तिकडे तिला जलकुंभी म्हणतात. एवढे गोड नाव या वनस्पतीला कोणी दिले, देव जाणे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठी म्हणून जगभर नेली गेलेली. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. जुन्या शहराचे सांडपाणी तालात उतरत होते. त्यातील नत्र आणि स्फुरद हेच तिचे खाद्य. लक्ष्मी तालाचा प्रश्न पुढे राष्ट्रीय हरित अधिकरणापर्यंत गेला. सांडपाणी शुद्धीकरणाची, सुशोभीकरणाची कामे निघाली. काठ देखणे करणे आणि पाणी निरोगी करणे यांत मात्र मला फरक वाटतो. जलपर्णी हे तापासारखे लक्षण आहे. ती उपसली म्हणजे कपाळावरची पट्टी बदलली, इतकेच.

तर मग पाणी बरे कसे होते? ओडिशातील चिलिका सरोवराचे उदाहरण मला फार बोलके वाटते. समुद्राला मिळणारे त्याचे मुख गाळाने कोंडले, खारेपणा घटला, गोड्या पाण्यातील तण माजले आणि मासळी आटली. १९९३ मध्ये संकटग्रस्त पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत चिलिकाचे नाव चढले. तणाला हात घालण्याआधी तेथे कारण शोधले गेले. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी भरती-ओहोटी आणि गाळाचा अभ्यास केला. त्या आधारे सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. खारेपणा परतला, मासळी कित्येक पटींनी वाढली आणि २००२ मध्ये त्या नोंदवहीतून नाव उतरले. एवढ्यावर कोणी हात झटकले नाहीत. पाण्याचे नमुने घेणे, पक्षी आणि डॉल्फिन मोजणे आजही चालू आहे.

लक्ष्मी तालाला हाच उपाय लागू पडणार नाही. त्याचे दुखणे वेगळे. पण जाणकारांची तेथे वाण नाही. झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ आहे, गवत आणि चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, कृषिवानिकीची संस्था आहे, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. माती, पाणी आणि वनस्पती जाणणारी इतकी माणसे एका शहरात असताना त्यांची आणि तालाकाठच्या रहिवाशांची एक सामाईक नोंदवही असावी, असे मला राहून राहून वाटते.

आता आपली चूक. चार वर्षांपूर्वी आपण गावाबाहेरच्या तळ्यातील जलपर्णी काढली. दीडशे मुले, तीन ट्रॉल्या, दोन रविवार. त्याचे छायाचित्र सभागृहात उजवीकडे लावलेले आहे. त्यात मीही आहे, पदर खोचून. पुढच्या उन्हाळ्यात तळे पुन्हा हिरवे झाले आणि आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, आपण काढली होती ना? मग ही कुठून आली?” मला उत्तर देता आले नाही. तळ्यात किती ओढे येतात, त्यांतून काय येते, याची एकही नोंद आपण केली नव्हती. प्रमाणपत्र मात्र जपून ठेवले होते.

म्हणून महोत्सवाच्या निधीतून मी स्वागतकमान मागितली नाही. एक जाड बांधणीची वही आणि थोडे साहित्य मागितले. पाण्याचा गढूळपणा पाहण्यासाठी दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पुरते. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ मध्ये तशी पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाहिली होती. ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. तापमान, सामू, पाण्याची पातळी, दिसलेले पक्षी हे मुले नोंदवतील. विरघळलेला प्राणवायू आणि फॉस्फेट तपासून देण्याचे तालुक्याच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी मान्य केले आहे. त्यांची अट एकच आहे. महिना चुकवायचा नाही, मग परीक्षा असो वा स्नेहसंमेलन. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांकडे आणि ग्रामपंचायतीकडे आकडे घेऊन जायचे ते वर्ष पुरे झाल्यावर. रिकाम्या हाताने केलेला उपदेश कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

मी काही वर्षांत निवृत्त होईन. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील. पदभार देताना किल्ल्यांबरोबर तीही द्यायची, असा ठराव शाळा समितीने केला आहे.

२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे पाणथळींचा करार झाला, तो याच तारखेला. पहिली नोंद त्या दिवशी सकाळी साडेसात वाजता होईल. आठवी आणि नववीच्या मुलांनी जुन्या चपला घालून यावे. डबे आणू नयेत. परत आल्यावर शाळा नेहमीच्या वेळेलाच भरेल.