तुळस तिच्या डोईवर

साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात धारातीर्थी पडले. मागं पत्नी स्वातीताई अन् दोन लेकरं. ताईंनी डोळे पुसले, लेकरं निवासी शाळेत ठेवली, चेन्नईत खडतर शिक्षण घेतलं अन् सप्टेंबर २०१७ ला धन्याचीच वर्दी अंगावर चढवली.

आपल्या गडचिरोलीतही १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ सुरुंग फुटून १५ पोलीस जवान गेले. त्यांच्या घरच्या लेकीसुना आपल्याच ना? मग धनी गेला म्हणून हळदीकुंकवाला तिला मागं का सारता? आम्ही हात जोडून सांगतो, येत्या वारीत दिंडीची तुळस तिच्या डोईवर द्या. पांडुरंगाच्या दारी कोणी अशुभ नाही.